सासूबाईंनी मेन स्विच खाली ओढला आणि घर वाचले. आता तो जुना स्विच काढावा का?

कुळागरवाली, बांदोडे

नमस्कार. फोंडा तालुक्यातील बांदोडे येथे आमचे चिऱ्यांचे, कौलारू, जुने घर आहे. घराला सिंगल फेजची जोडणी आहे आणि मागच्या कुळागरातील (पोफळी-माडांच्या बागेतील) पंपासाठी थ्री फेजची वेगळी जोडणी घेतलेली आहे. दोन्ही जोडण्या रस्त्याकडेच्या एकाच खांबावरून येतात व त्याच खांबावरून शेजारच्या तीन घरांनाही वीज जाते. मागच्या आठवड्यात घडलेला प्रकार मी सविस्तर लिहीत आहे, कारण आम्ही नेमके कशामुळे वाचलो हे मला अजून उमगलेले नाही आणि ते उमगल्याशिवाय पुढचा निर्णय घेणे मला योग्य वाटत नाही.

संध्याकाळी साडेसहाचा सुमार होता. दिवसभर जिवाची काहिली झाली होती आणि पूर्वेला डोंगराच्या बाजूने आभाळ भरून आले होते. पहिला गडगडाट दूरवर ऐकू आला, तशा सासूबाई कोकमे फोडण्याचे काम अर्धवट ठेवून उठल्या. त्यांचे वय 76 आहे आणि गडगडाट ऐकला की मेन स्विच बंद करायचा हा त्यांचा नेम या घरात वीज आली तेव्हापासूनचा आहे. स्विचाखाली भिंतीला टेकवून फणसाच्या लाकडाचा एक पाट कायम ठेवलेला असतो. पदराला हात कोरडे पुसायचे, पाटावर उभे राहायचे आणि काळ्या लोखंडी पेटीची बाजूची मूठ खट्कन खाली ओढायची, हा क्रम त्या कधीही बदलत नाहीत. मी तेव्हा मिक्सरवर वाटण वाटत होते. मिक्सर मध्येच थांबला आणि खरे सांगायचे तर मी मनातून वैतागले होते.

दहाएक मिनिटांत वारा सुटला. कुंपणालगतच्या माडाची एक मोठी झावळ मोडून तारांवर पडली. तो आवाज आम्ही ऐकला आणि निळसर ठिणगीही बाल्कांवातून (दारासमोरच्या ओसरीतून) पाहिली. लगेच समोरच्या घरातले दिवे डोळे दिपतील इतके प्रखर झाले, त्यांच्या पंख्याची घरघर आमच्यापर्यंत ऐकू आली आणि पाठोपाठ फटाके फुटावेत तसे दोन आवाज झाले. त्याच वेळी त्यांच्या पलीकडच्या घरातला ओसरीवरचा पिवळा बल्ब मात्र विझत्या निखाऱ्यासारखा तांबूस झाला होता. हे दोन-तीन मिनिटे चालले असेल. मग सगळीकडे अंधार झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी लाइनमन आले, त्यांनी तुटलेली तार जोडली आणि वीज पूर्ववत झाली.

समोरच्या घरातील फ्रीज, टीव्ही, इन्व्हर्टर आणि राउटर असे सगळे एका दमात गेले. त्यांच्या शेजाऱ्यांचे धुलाई यंत्र गेले. आमच्या घरात एक दिवासुद्धा गेला नाही. फ्रीजमध्ये सासऱ्यांचे इन्सुलिन असते, त्यामुळे फ्रीज शाबूत राहिला हे पाहून मला किती हायसे वाटले ते शब्दांत सांगता येणार नाही.

एक गोष्ट मात्र मला कोड्यात टाकणारी आहे. कुळागरातील पंपाची जोडणी आम्ही बंद केलेली नव्हती आणि पंपघरातला साठ वॉटचा साधा बल्ब संध्याकाळपासून लावलेला होता. तो बल्ब मी काढून पाहिला, तर त्याची काच आतून काळपट-चंदेरी झाली होती आणि तारेचा मागमूस उरला नव्हता. पंप मात्र दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा चालू झाला. एकाच खांबावरून, एकाच पेटीतून वीज घेणाऱ्या दोन वस्तूंपैकी एक जळाली आणि दुसरी वाचली, असे का व्हावे?

आमच्याकडे कामाला येणाऱ्या इलेक्ट्रिशियनचे म्हणणे असे की आमच्यावर वीज पडता पडता राहिली, आणि जुना लोखंडी स्विच आता काढून टाकून तिथे फेजवर एक एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) असलेली प्लास्टिकची सुबक पेटी लावावी. यजमानांनाही ते पटते. मला मात्र हा स्विच हलवायचा धीर होत नाही. हे केवळ नशीब होते का, स्विचाने काही काम केले का, आणि पुन्हा असा प्रसंग आला तर घर सुरक्षित राहण्यासाठी नेमके काय बसवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना वायरमन, म्हापसा

ताई, तुम्ही पंपघरातल्या बल्बचा उल्लेख केला नसता तर मीही कदाचित वीज पडली असेच म्हटले असते. तुम्ही तो काढून, उजेडात धरून पाहिलात हे फार चांगले केलेत, कारण सगळा उलगडा त्या बल्बातच आहे. तुमच्याकडे वीज पडलेली नाही. झावळीने खांबावरची न्यूट्रल तार तोडली.

हे नीट समजून घ्यावे म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. तुमच्या खांबावर तीन फेजच्या तारा आणि एक न्यूट्रल अशा चार तारा आहेत. कोणत्याही एका फेजपासून न्यूट्रलपर्यंत 240 व्होल्ट मिळतात (आता कागदोपत्री 230 लिहितात) आणि एका फेजपासून दुसऱ्या फेजपर्यंत सुमारे 415 व्होल्ट असतात. तुमचे घर एका फेजवर, समोरचे दुसऱ्या फेजवर, अशी घरे वाटून दिलेली असतात, पण न्यूट्रल मात्र सगळ्यांची एकच असते. ती शाबूत असेपर्यंत प्रत्येक घराला आपापले 240 मिळतात. ती ट्रान्सफॉर्मर आणि घरे यांच्यामध्ये कुठे तुटली की तुटलेल्या ठिकाणापुढची घरे आपसांत एकापुढे एक जोडली जातात आणि दोन फेजांमधले 415 व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. ही वाटणी सारखी होत नाही. ज्या घरात विजेचा वापर जास्त त्याच्या वाट्याला कमी व्होल्ट येतात, आणि ज्या घरात वापर कमी त्याच्या वाट्याला जास्त.

एक हिशेब करून पाहा. एका फेजवरच्या घरात 2000 वॉटचा गीझर चालू आहे आणि दुसऱ्या फेजवरच्या घरात दिवे, पंखा, टीव्ही मिळून 200 वॉट चालले आहेत असे धरा. पहिल्या घराचा रोध होतो 28.8 ओहम आणि दुसऱ्याचा 288 ओहम. न्यूट्रल तुटताच पहिल्या घराला जेमतेम 38 व्होल्ट मिळतील आणि दुसऱ्याला 377. गीझरवाल्याचा दिवा निखाऱ्यासारखा होणार आणि काटकसरीने वीज वापरणाऱ्याचा टीव्ही फुटणार. तुम्ही बाल्कांवातून हेच पाहिलेत: एका घरात दिवे प्रखर, पलीकडच्या घरात मंद. आकाशातल्या विजेचा धक्का सेकंदाच्या काही लाखांश भागात येऊन जातो. तो दोन-तीन मिनिटे टिकत नाही आणि त्याने शेजारचा दिवा मंदही होत नाही.

आता तुमचा पंप. थ्री फेज मोटर तीन फेजांवर चालते, तिला न्यूट्रलची गरजच नसते. मोटर चालू-बंद करणाऱ्या स्टार्टरची कॉइलही बहुधा दोन फेजांमध्ये, म्हणजे 415 व्होल्टवर जोडलेली असते. न्यूट्रल तुटल्याचा त्या बाजूला पत्ताही लागला नाही. त्या वेळी पंप चालू असता तरी तो वाचला असता. बल्ब मात्र एक फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये लावलेला होता. पिवळ्या बल्बला दीडपट व्होल्ट मिळाले की तार पांढरी होते, वितळते, तिची वाफ काचेला आतून चिकटते. तुम्हाला दिसलेली काळपट-चंदेरी झाक म्हणजे तीच वाफ.

घर कशाने वाचले? मेन बंद होता म्हणून वाचले, यात मला शंका नाही. झावळ दहा मिनिटे आधी पडली असती तर तेवढ्यापुरते नशीब आड आले असते, पण सासूबाईंनी गडगडाट ऐकताच स्विच पाडला होता म्हणून तुमच्या घराला त्या वाटणीत जागाच उरली नाही. त्यांना माझा नमस्कार सांगा.

इलेक्ट्रिशियनच्या सल्ल्याबद्दल मात्र मला स्पष्ट लिहावे लागेल. तुमची जुनी लोखंडी पेटी डबल पोल आहे, म्हणजे मूठ खाली ओढली की फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. फक्त फेजवर एमसीबी बसवला तर बंद केल्यावरही न्यूट्रल घराला जोडलेलीच राहते. त्या संध्याकाळी तशा एमसीबीनेही तुमचा फ्रीज वाचला असता, हे मी मान्य करतो, कारण फेजच नसेल तर उपकरणातून प्रवाह वाहत नाही. पण न्यूट्रल तुटल्यावर तुमच्या बाजूची न्यूट्रल तार जमिनीच्या मानाने शून्यावर राहत नाही. तिच्यावर जिवंत तारेइतके व्होल्ट चढू शकतात. एमसीबी पाडला, आता भीती नाही, असे समजून कोणी होल्डरला हात लावला तर तो हात न्यूट्रलवरच पडू शकतो. आणि खरी वीज जवळपास पडली तर तिचा धक्का न्यूट्रलवरूनही घरात शिरतो. म्हणून जुनी पेटी काढायचीच असेल तर तिच्या जागी डबल पोलच बसवा, त्यापेक्षा कमी काही नको.

आणखी एक विनंती आहे आणि ती सासूबाईंसाठी आहे. पाट, कोरडे हात, सगळे बरोबर आहे. फक्त स्विचाकडे जायचे ते गडगडाट दूर असतानाच. वीज चमकल्यावर सेकंद मोजायचे. आवाज सुमारे तीन सेकंदांत एक किलोमीटर येतो. आवाज दहा-बारा सेकंदांच्या आत येऊ लागला म्हणजे वीज तीन-चार किलोमीटरवर आली. तोपर्यंत स्विच पाडायचा राहिला असेल तर राहू द्यावा, पण त्या लोखंडी पेटीला हात लावू नये.

मडगावची शिक्षिका

वायरमन काकांनी लिहिलेले वाचून तीन वर्षांपूर्वीचा आमचा प्रसंग मला आज पहिल्यांदा नीट समजला. त्या वेळी पाऊस नव्हता, वारा नव्हता. जानेवारीतली स्वच्छ सकाळ होती. आम्ही चार मजली इमारतीत राहतो. सकाळी सातच्या सुमारास स्वयंपाकघरातला दिवा एकाएकी लखलखला, टीव्ही बंद असूनही त्याच्या मागून जळका वास आला आणि राउटरचा दिवा गेला. खाली मीटरच्या खोलीत जाऊन पाहिले, तर न्यूट्रलच्या पट्टीवरचा मुख्य जोड काळा पडून वितळला होता.

ज्यांनी दुरुस्ती केली त्यांनी तो जोड हातात देऊन दाखवला. खांबावरून आलेली केबल ॲल्युमिनियमची होती आणि पट्टी तांब्याची. हे दोन धातू नुसते एकमेकांवर आवळले की दमट, खारट हवेत त्यांच्यामध्ये पांढरी भुकटी धरते, जोड सैल होतो, तापतो, आणि तापल्यामुळे आणखी सैल होतो. आम्ही समुद्रापासून फार लांब नाही, त्यामुळे खिडक्यांचे गजसुद्धा इथे दोन पावसाळ्यांत गंजतात. आता तिथे दोन्ही धातूंना चालणारा लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसणारा जोडतुकडा, दाबून बसवला आहे आणि दर वर्षी पावसाळ्यानंतर आम्ही सोसायटीतर्फे तो आवळून घेतो.

ताई, माझ्या मनाला लागून राहिलेली गोष्ट वेगळीच आहे. त्याआधी आठ-दहा दिवस रोज सकाळी वरच्या मजल्यावर गीझर लागला की आमचा दिवा किंचित उजळत असे. आमच्या मुलाने ते दोनदा सांगितले होते. दिवा मंद झाला असता तर मी लगेच कोणाला तरी बोलावले असते, पण उजळला म्हणून मी लक्ष दिले नाही. तेव्हा कोणाच्याही घरात दुसऱ्याचे मोठे उपकरण लागल्यावर दिवे जास्त प्रकाशमान होत असतील तर त्याच दिवशी न्यूट्रलचे जोड तपासून घ्यावेत, असे मी कळकळीने सांगते. आमचा फ्रीज वाचला, कारण तो स्टॅबिलायझरवर होता आणि व्होल्टेज फार वाढताच त्या स्टॅबिलायझरने पुरवठा तोडला. टीव्ही थेट भिंतीतल्या प्लगवर होता.

वाळपईकर

सत्तरीत विजांचे प्रमाण मोठे आहे, म्हणून एक अनुभव नोंदवतो. आमच्याकडे मेन बंद होता, तरीही टीव्ही गेला. वीज घरापासून शंभरेक पावलांवर एका सावरीच्या झाडावर पडली होती. छपरावरच्या डिश अँटेनाची केबल टीव्हीच्या पेटीला जोडलेली होती आणि धक्का त्या केबलमधून आला. केबलचे टोक जिथे आत जाते तिथली प्लास्टिकची कड वितळून आत वळली होती. फ्रीज आणि बाकीची उपकरणे सुरक्षित राहिली. तेव्हापासून मेन पाडल्यानंतर डिशची केबल काढणे आणि टीव्हीचा प्लग उपसणे ही दोन कामे आम्ही मुलांना वाटून दिली आहेत. स्विचमधले अंतर काही मिलिमीटरचे असते. फार मोठा धक्का ते ओलांडूनही जाऊ शकतो, प्लग उपसल्यावर मात्र त्याला वाटच राहत नाही.

दुसरे असे की वीज गेल्यावर जेवढी काळजी घ्यावी तेवढीच ती परत येताना घ्यावी. मे 2021 मध्ये तौक्ते वादळानंतर आमच्या भागात पडलेली झाडे बाजूला करून तारा ओढण्याचे काम चालू होते, तेव्हा वीज येत-जात होती. वडिलांनी घरातले बाकी सगळे बंद ठेवून फक्त अंगणातला एक पिवळा बल्ब चालू केला होता. तो पाच मिनिटे स्थिर जळला की मगच घर जोडायचे, आणि फ्रीज सगळ्यांत शेवटी. आजही आम्ही तसेच करतो आणि त्यासाठी साधे बल्ब जपून ठेवले आहेत.

कुळागरवाली, बांदोडे

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. वायरमन काका, तुमचा नमस्कार सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी सेकंदांचा हिशेब दोनदा विचारून घेतला.

काल खांबावरूनच वीज बंद असताना यजमानांनी पेटी उघडली. आत चिनी मातीचे दोन पांढरे फ्यूज आहेत, एक फेजवर आणि एक न्यूट्रलवर. न्यूट्रलच्या फ्यूजमधली तार बारीक आहे आणि एका टोकाला हिरवट झाली आहे. हे असेच असायचे का, की तेही बदलावे लागेल?

शिवाय समोरच्या भाऊजींच्या फ्रीजमधला जळालेला बोर्ड मी पाहिला. त्यावर बिस्किटासारखी चपटी, निळी, बोटाच्या पेराएवढी एक चकती आहे. ती मधोमध तडकून काळी पडली आहे आणि तिच्याशेजारची काचेची छोटी नळी आतून धुरकटली आहे. दुकानदाराने पूर्ण बोर्ड बदलावा लागेल असे सांगून मोठा खर्च सांगितला आहे. भाऊजींची परिस्थिती बेताची आहे, म्हणून विचारते: तेवढी चकती आणि नळी बदलून काम होण्याची काही शक्यता आहे का?

कुडचडेचा दुरुस्तीवाला

ताई, तुमच्या वर्णनावरून आशा ठेवायला निश्चित जागा आहे. निळी चकती म्हणजे व्हॅरिस्टर. तिच्यावर बहुतेक वेळा 10डी471 किंवा 14डी471 असे छापलेले असते; पहिला आकडा चकतीचा व्यास मिलिमीटरमध्ये, आणि 471 म्हणजे 470 व्होल्ट. ठरलेल्या मर्यादेपर्यंत ती चकती काहीच करत नाही, व्होल्टेज त्यापुढे गेले की ती स्वतःमधून प्रवाह वाहू देते. क्षणभराचा धक्का असेल तर तो गिळून ती पुन्हा कामाला तयार होते. दोन-तीन मिनिटे व्होल्टेज चढेच राहिले तर ती तापून फुटते, पण फुटताना शॉर्ट होऊन शेजारच्या नळीतला फ्यूज उडवते आणि मागचा बोर्ड वाचवते. तुमच्या शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये नेमके असेच झाले असण्याचा संभव आहे.

ओळखण्याची पुढची खूण अशी. त्याच बोर्डावर अंगठ्याएवढा, उभा, नळकांड्यासारखा एक मोठा कपॅसिटर असेल आणि त्यावर 400 किंवा 450 व्होल्ट लिहिलेले असेल. त्याचे वरचे झाकण सपाट आहे का ते पाहा. 240 व्होल्टच्या पुरवठ्यात तो 340 व्होल्टपर्यंत भरतो. पुरवठा 377 झाला तर त्याच्यावर 530च्या वर व्होल्ट जातात. झाकण फुगले असेल, चिरले असेल किंवा खाली चिकट पाणी दिसत असेल, तर मागचे भागही गेले असण्याची शक्यता मोठी. झाकण सपाट असेल तर व्हॅरिस्टर आणि फ्यूज बदलून बोर्ड चालू होण्याची बरीच शक्यता आहे. दोन्ही सुटे भाग किरकोळ किमतीचे आहेत. बदलताना छापलेला आकडा तोच हवा, आणि फ्यूजच्या जागी नुसती तार कोणालाही लावू देऊ नका. वीज काढल्यानंतरही हा कपॅसिटर काही वेळ भरलेला राहतो, म्हणून घरी बोर्डाला हात न लावता तो दुरुस्ती करणाऱ्याकडेच न्यावा. भाऊजींना कुडचडेपर्यंत येणे जमत असेल तर मी तपासून देईन. तपासणीचे पैसे घेणार नाही.

जुना वायरमन, म्हापसा

ताई, पेटी उघडून पाहिलीत हे फार बरे झाले. जुन्या डबल पोल पेट्यांत दोन्ही तारांवर फ्यूज असायचे, पण न्यूट्रलवर फ्यूज असू नये. तो आधी वितळला तर घरातले दिवे जातील, तुम्ही वीज गेली असे समजाल, आणि फेजची तार मात्र घरभर जिवंतच असेल. तुमच्या फ्यूजची तार हिरवट झाली आहे म्हणजे ती केव्हाही तुटू शकते. न्यूट्रलच्या जागी फ्यूजऐवजी पितळेची अखंड पट्टी बसवून घ्या. तुटण्याचे काम मुठीने करायचे, तारेने नव्हे.

आता काय बसवावे हा तुमचा मूळ प्रश्न राहिला होता. लोक सर्ज प्रोटेक्टर घेतात आणि निर्धास्त होतात, म्हणून हे जरा स्पष्ट करतो. कुडचडेच्या भावांनी वर्णन केलेली चकतीच मोठ्या आकारात सर्ज प्रोटेक्टरमध्ये असते. आकाशातल्या विजेच्या क्षणिक धक्क्यासाठी ती योग्य आहे. न्यूट्रल तुटल्यावर मिनिटभर टिकणाऱ्या 377 व्होल्टसाठी ती योग्य नाही. त्यासाठी ओव्हर-व्होल्टेज रिले वेगळा घ्यावा लागतो. व्होल्टेज साधारण 270-280 च्या वर किंवा फार खाली गेले की तो घराचा पुरवठा आपोआप तोडतो आणि स्थिर झाल्यावर ठरवलेल्या वेळाने पुन्हा जोडतो. ही वेळ तीन ते पाच मिनिटे ठेवा, म्हणजे फ्रीजच्या कॉम्प्रेसरमधला दाब उतरायला वेळ मिळेल. एमसीबी यांपैकी कोणतेच काम करत नाही. तो जास्त प्रवाह पाहतो, जास्त व्होल्टेज त्याला कळत नाही. माणसाच्या जिवासाठी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, पण त्याचा विषयही निराळा आहे.

क्रम असा ठेवा: मीटरनंतर तुमची जुनी लोखंडी पेटी जशी आहे तशी, तिच्यानंतर सर्ज प्रोटेक्टर, मग रिले, मग आरसीसीबी, मग खोल्यांचे एमसीबी. सर्ज प्रोटेक्टरच्या तारा, फेजपासून अर्थिंगच्या पट्टीपर्यंत मिळून, अर्ध्या मीटरच्या आत बसवायला सांगा. लांब, वळसे घेतलेल्या तारेमुळे त्याचा निम्मा उपयोग वाया जातो. त्याची खिडकी हिरवी आहे ना हे महिन्यातून एकदा पाहावे, लाल झाली की तो बदलावा.

हे सगळे अर्थिंगवर अवलंबून आहे, आणि आपल्याकडे खरी अडचण तिथेच येते. बांदोड्याची जमीन चिऱ्याची. जांभा खडक पावसाळ्यात पाणी शोषून घेतो आणि फेब्रुवारीनंतर कोरडा ठणठणीत होतो. कोरड्या जांभ्यातून वीज जमिनीत नीट उतरत नाही. विजांचे दिवस मात्र नेमके एप्रिल-मेचे, म्हणजे अर्थिंग सर्वांत दुबळे असते तेव्हाचे. अर्थिंगबाबतचे भारतीय मानक आयएस 3043 हे आहे. त्यानुसार काम करणाऱ्याकडून अर्थ टेस्टर लावून मोजमाप करून घ्या आणि ते मे महिन्यातच करा, ऑगस्टमधला आकडा पाहून समाधान मानू नका. घरासाठी तो 5 ओहमच्या आत असलेला बरा. खड्डा शक्यतो न्हाणीच्या सांडपाण्याच्या वाटेवर, पोफळींच्या ओलाव्यात घ्यावा. जुना खड्डा कोरडा असेल तर उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा त्यात बादलीभर पाणी घालावे.

कुळागरवाली, बांदोडे

काका, तुमच्या यादीप्रमाणे काम पूर्ण झाले. न्यूट्रलला पितळेची पट्टी बसली, पेटीच्या शेजारी रिले लागला आहे आणि त्याच्या लाल आकड्यांत आत्ता 238 दिसत आहे. अर्थिंग मोजल्यावर 19 ओहम निघाले. जुना खड्डा घराच्या दक्षिणेला, उन्हात, चिऱ्यांच्या भरावात होता. नवा खड्डा न्हाणीमागे पहिल्या पोफळीजवळ खणला; दोन हातांवरच ओल लागली, आणि आता मोजमाप 4 ओहम येते.

भाऊजींच्या बोर्डाचा कपॅसिटर सपाट निघाला. कुडचडेच्या भावांनी चकती आणि फ्यूज बदलून दिले आणि फ्रीज कालपासून चालू आहे. टीव्ही आणि इन्व्हर्टर मात्र गेलेच. ज्या माडाची झावळ पडली तो आमचाच होता, म्हणून तारांच्या बाजूच्या सुकलेल्या सगळ्या झावळ्या पाडेल्याकडून उतरवून घेतल्या आणि यापुढे दर एप्रिलमध्ये त्या उतरवण्याचे ठरवले आहे.

लोखंडी पेटी जागेवरच आहे. आज दुपारी पुन्हा गडगडले. सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून चमक आणि आवाज यांच्यामधले सेकंद मोजत होत्या. सत्तावीस भरले, तशा त्या पाटावर चढल्या.